काजळीच्या गळ्यातली हाक

आप्पा गेले आणि त्यांचा आवाज तेवढा मागे राहिला, तोही शेळीच्या गळ्यात.

काजळी ही कळपाच्या पुढे चालणारी शेळी. ती जिकडे वळेल तिकडे मेंढरं वळायची. वैजयंता सकाळी मेंढवाड्याचं फाटक सताड उघडायची, काजळी मान ताठ करून फाटकापर्यंत यायची, पुढचा पाय बाहेर टाकायची आणि तिच्या गळ्यातल्या पट्ट्यातून वैजयंताच्या वडिलांचा, मायाप्पा लवट्यांचा खणखणीत आवाज यायचा, "हाऽ हाऽ! माघारी!"

काजळी वळायची. मेंढरं एकमेकांवर आदळत तिच्यामागे वळायची. वैजयंता फाटकाला हात लावून उभी राहायची. पहिले काही दिवस ती या आवाजासाठीच लवकर उठत होती. आता तिला तो आवाज नकोसा झाला होता आणि नकोसा झाला याचं वाईटही वाटत होतं.

माणदेशातल्या त्या माळावर पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता जातो. तरीही गोफणवाडीचं कुरण हिरवं होतं, म्हणजे आसपासच्या माळांच्या मानाने हिरवं. सगळ्या वाडीचं मिळून एकच कुरण. कुणाचा कळप कुठे, किती चरेल हे कारभारी सांगायचा. आप्पा वीस-बावीस वर्षं कारभारी होते. त्यांच्या शेवटच्या वर्षांत पट्टे आले.

पट्टा साधाच होता. उपग्रह वरून गवताची उंची आणि जमिनीतली ओल मोजायचे आणि त्यावरून रोज पहाटे कुरणात न दिसणारी कुंपणं आखली जायची. कळपाचं पुढचं जनावर रेघेजवळ आलं की पट्टा आधी हाक द्यायचा. न ऐकलं तर मानेला मुंगी चावल्यासारखा झटका. हाक कुणाची, हे कंपनीने ठरवलेलं नव्हतं. ज्या हाकेला जनावर खरोखर वळतं ती हाक पट्टा आपणहून उचलायचा आणि तेवढी एकच जवळ ठेवायचा. गोफणवाडीत सगळीच जनावरं आप्पांच्या हाकेला वळायची, त्यामुळे सगळ्याच पट्ट्यांत आप्पा बोलू लागले.

पहिल्या वर्षी यंत्र नुसतं गवत वाचत होतं. हिशेब चोख होता, पण वाडी पेटली. ज्याच्या घरी लग्न होतं त्याचा कळप यंत्राने लांबच्या टेकाडावर पाठवला आणि ज्या दोन भावांचं बोलणं बंद होतं त्यांना एकाच ओढ्यावर आणून उभं केलं. दोघांची डोकी फुटली आणि पट्टे विहिरीत गेले. गवत हा अर्धाच प्रश्न होता. उरलेला अर्धा माणसांचा होता आणि तो शिकवायला पुण्याच्या संस्थेने वैजयंताला पाठवलं होतं. पशुपालक जमिनीबद्दल निर्णय कसे घेतात, त्यात नाती, रुसवे, उपकार कुठे बसतात, हाच तिचा विषय. तीन उन्हाळे ती घरोघरी बसली. "समजा तुमच्या विहिरीला पाणी आहे, त्याच्या नाही. पण त्याने तुम्हाला पोराच्या बारशाला बोलावलं नव्हतं. तर?" असले प्रश्न विचारून तिने लोकांना वैताग आणला. या मुलाखती यंत्र ऐकत होतं. आप्पा काय निकाल देतात, त्यावर कोण गप्प बसतं, कोण कळप घेऊन मुकाट्याने वळतं, हे बघत होतं. कुठे काही नियम लिहिलेला नव्हता. पोर बघून बघून चालायला शिकतं तसं ते निकाल द्यायला शिकलं.

मग एका दुपारी आप्पा जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपणं नेहमीसारखी आखली गेली. निकाल अगदी आप्पांचेच.

फक्त आप्पांच्या स्वतःच्या घराच्या फाटकासमोरची रेघ हटेना.

वाडीची रीत अशी की ज्या घरात माणूस गेलं त्या घराची जनावरं सुतकात कुरणात शिरत नाहीत. ती विकायची नाहीत, हलवायची नाहीत. चारा शेजारी आणून घालतात. सुतक फिटलं की कारभारी सकाळी त्या घरी जातो, दारात बसून त्या घरची भाकरी खातो आणि मग त्या घराचा कळप सगळ्यांच्या आधी कुरणात जातो. आप्पांनी कितीतरी घरांचं हे केलं होतं. वैजयंताची आई गेली तेव्हा आप्पांच्या आधीचा म्हातारा कारभारी आला होता, तिला आठवत होतं. त्याच्या मिशीला भाकरीचा तुकडा चिकटला होता आणि रडतारडता ती हसली होती.

आता कारभारीच गेला होता. त्याच्या घरी कोण येणार?

"ऊठ गं, पुन्याच्या बाई," फाटकातून वाडीतल्या बायडाक्काचा आवाज आला. डोक्यावर गवताचा भारा. "तुज्या लेकरांचं जेवान आनलंय."

"बायडाक्का, सुतक कधीच फिटलं. मी रोज सांगतेय."

"मला सांगून काय उपेग? तुज्या बापाला सांग." बायडाक्काने भारा काजळीपुढे टाकला. "त्यो म्हनतोय माघारी. आमी कोन?"

"ते यंत्र आहे."

"यंत्र आसंल. पन बोलतंय कसं? डिट्टो." तिने पदराने तोंड पुसलं. "माझ्या म्हातारीला तर वाटतं मायाप्पा अजून हाय. बरं वाटतं तिला. तुला न्हाई वाटत?"

वैजयंताने एका मेंढीचा पाय उचलून दाखवला. खूर वाढून वाकडं झालं होतं, फटीत चिखल सडला होता. मेंढराला चालावं लागतं. उभ्या मेंढराचे पाय आधी जातात, मग भूक जाते. कळपात गाभण मेंढ्या होत्या, आणि दोन कोकरं जन्मून दोन्ही उभी न राहता गेली होती.

"चारा कमी पडतोय का?" बायडाक्का म्हणाली. तिच्या आवाजातली कळकळ खरी होती. "उंद्या दोन भारे आनते."

हीच तर खरी कोंडी होती. कुणी वाईट वागत नव्हतं. सगळी वाडी न चुकता, आळीपाळीने, मायेने तिला कोंडून ठेवत होती.

तिने एकदा सरळ पट्टा काढून पाहिला. कडी तिला उघडता येत होती. काजळीला मोकळ्या गळ्याने घेऊन ती कुरणाच्या कडेला गेली. पट्टा नसलेलं जनावर म्हणजे कुठलं तरी परकं, कदाचित रोगट, असं यंत्र धरतं आणि बाकीच्या कळपांना त्याच्यापासून दूर हाकतं. बघता बघता चारी बाजूंनी आप्पा ओरडू लागले. वेगवेगळ्या गळ्यांतून, वेगवेगळ्या अंतरांवरून, एकाच वेळी. माघारी, माघारी, माघारी. धुळाकाकांची मेंढरं चांगल्या गवतातून पळत सुटली ती थेट खडकाळ टेकाडावर जाऊन थांबली.

धुळाकाका आप्पांचा चुलतभाऊ. काठी आपटत, धापा टाकत आले.

"आगं ए शहाणे! बापानं घालून दिलेली घडी मोडतीस व्हय?"

"काका, मेंढरं मरतील."

"मग आमची मारतीस का? त्या टेकाडावर दगूड खातील?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, दुख्ख हाय, कळतं. पन आसं करू नगंस."

तिने काजळीला परत पट्टा बांधला. कडी लागल्याचा बारीक आवाज झाला.

पुण्याहून मिहीरचा फोन आला. पट्ट्यांची यंत्रणा त्याने बांधली होती. ती दोघं एकाच खोलीत बसून काम करायची. "रुजू कधी होतेयस? सर विचारतायत," त्याने आधी ते विचारलं.

"फाटक उघडलं की."

तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खोडायला ओळच नाहीये गं. ते शिकलंय. त्यातलं सुतक तेवढं बाजूला काढता येत नाही. मी एकच करू शकतो, सगळं पुसून परत नुसत्या गवतावर आणायचं. पण त्याला तुमच्या समितीची परवानगी लागेल."

"पुसलं तर आवाज?"

"सगळंच जाईल."

"मला वाटतं ते आप्पांची वाट बघतंय," ती म्हणाली. "आप्पा येऊन भाकरी खातील तेव्हा ते उघडेल."

"मग त्यांची काठी घेऊन बघ. काठीत खूणपट्टी होती ना? यंत्राला वाटेल तेच आलेत."

ती काठी कोपऱ्यात उभी होती. मूठ हाताच्या घामाने काळी झालेली. वैजयंता काठी घेऊन वाडीला वळसा घालून आली, जणू बाहेरून येतेय अशी, आणि स्वतःच्याच दारात बसून स्वतः केलेली भाकरी खाल्ली. मग उठून तिने फाटक उघडलं.

"हाऽ हाऽ! माघारी!"

पलीकडच्या बांधावरून दोन बाया बघत होत्या. त्यांनी मान वळवली.

शेवटी ती समितीपुढे गेली. समिती म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर बसलेली सात-आठ माणसं आणि बायडाक्का.

"नवा कारभारी निवडा," ती म्हणाली. "एवढंच मागतेय."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"आप्पा हाय की," कुणीतरी म्हणालं.

"आप्पा गेले. धुळाकाका, तुम्ही व्हा."

"मी?" धुळाकाका मागे सरकले. "आगं, कारभाऱ्याला पयलं काय मिळतं ठावं हाय का? शिव्या. तुज्या बापानं आयुष्यभर खाल्ल्या. म्या सवता घातल्यात!"

शेडमध्ये हशा पिकला.

"आता बघ," धुळाकाका पुढे म्हणाले, "आप्पा सांगतोय, आमी ऐकतोय. भांडान न्हाई, तंटा न्हाई. मेलेल्या मानसाला कोन शिव्या घालतंय? जित्ता कारभारी आला की परत सुरू."

वैजयंताला वाटलं, आपल्या प्रबंधात हे वाक्य कुठेच नाही. आप्पांवर कुणाला रागावता येत नव्हतं, म्हणून वाडी शांत होती. आणि त्या शांततेची किंमत तिची मेंढरं उभ्या उभ्या देत होती.

"मग माझ्या फाटकाचं काय?"

"चारा आनतोय की आमी," बायडाक्का म्हणाली. "जल्मभर आनू."

त्यानंतर काही दिवसांनी बायडाक्काची सासू गेली. फार म्हातारी होती. शेवटच्या दिवशीही पट्ट्यातला आवाज ऐकून तिने विचारलं होतं, मायाप्पा जेवला का म्हणून. दुसऱ्या सकाळी बायडाक्काच्या फाटकातून हाक आली, माघारी, आणि आता वैजयंता गवताचा भारा घेऊन तिच्या दारात गेली. बायडाक्का एरवी बोलून थकायची नाही. त्या दिवशी तिने भाऱ्याकडे बघितलं, मग वैजयंताकडे, आणि एवढंच म्हणाली, "आता माजंबी फाटक उगडायचं न्हाई. व्हय गं?"

घरी येऊन वैजयंताने लॅपटॉप काढला. जुन्या नोंदींत सुतक फिटलेल्या सकाळी जपलेल्या होत्या. नकाशावर प्रत्येक कळप म्हणजे एक हिरवा ठिपका आणि आप्पा म्हणजे तांबडा. तिने या सकाळी पूर्वी कितीदा तरी पाहिल्या होत्या. तांबडा ठिपका घरातून निघतो, दुःखाच्या घरी थांबतो, मग कुरणाकडे जातो. तिने एक सकाळ लावली, दुसरी लावली. डोळे आपोआप तांबड्या ठिपक्यामागे जात होते. तो चालताना जरा डावीकडे झुकायचा. आप्पांचा उजवा गुडघा दुखायचा.

तिसऱ्या वेळी तिने तांबडा ठिपका बंद केला. तसं करताना बोट थांबलं, पण केला.

मग तिला बाकीचे ठिपके दिसले. ते सगळे कुरणाच्या तोंडाशी येऊन उभे होते. एकही हलत नव्हता. हिरवं गवत समोर, भुकेली जनावरं, आणि अख्खी वाडी उभी. एकच ठिपका मधून पुढे जात होता, दुःखाच्या घराचा. तो आत गेल्यावर बाकीचे हलायचे. प्रत्येक सकाळी हेच.

यंत्र आप्पांची वाट बघत नव्हतं. ते सगळ्यांनी थांबण्याची वाट बघत होतं. आप्पा आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन सांगायचे, उद्या थांबा रे, म्हणून लोक थांबायचे. आप्पांनी सांगितलेलं यंत्राला ऐकू आलं नव्हतं. त्याला लोक थांबलेले दिसले होते. आणि तिला, तीन उन्हाळे, फक्त आप्पा दिसले होते.

बायडाक्काच्या सुतकाच्या शेवटच्या दिवशी उन्हं उतरल्यावर ती काठी न घेता बाहेर पडली. स्वतःच्या घराचं नाव तिने कुठेच काढलं नाही.

"उद्या बायडाक्काचं सुतक फिटतंय," ती प्रत्येक दारात म्हणाली. "उद्या थांबा."

"कोन सांगतंय?" धुळाकाकांनी विचारलं.

"मी सांगतेय."

"यंत्रानं आमचं कळप आत घेतलं तर?"

"घेऊ दे. तुम्ही जाऊ नका. काठी आडवी धरा."

धुळाकाकांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बापासारकीच दारात हुबी ऱ्हाऊन सांगतीस. आत ये म्हनलं तर येत न्हाईस."

"अजून चार घरं राहिलीत, काका."

सकाळी ते थांबले. सगळे नव्हे, पण जे निघाले होते ते इतरांना उभं बघून वरमले आणि थांबले. कुरणाच्या तोंडाशी कळपांची गर्दी झाली. धूळ, लेंड्यांचा वास, कोकरांचं बेंबटणं. वैजयंता बायडाक्काच्या दारात बसली आणि तिने दिलेली भाकरी खाल्ली. बायडाक्काने फाटक उघडलं. तिची शेळी बाहेर आली. एक पाय, दोन पाय. पट्टा गप्प होता.

आणि मागून, वाडीच्या दुसऱ्या टोकाकडून, खुरांचा आवाज आला. काजळी येत होती. तिच्यामागे वाकड्या खुरांची, लंगडत, धडपडत, आप्पांची सगळी मेंढरं येत होती. फाटक वैजयंताने सवयीने उघडंच ठेवलं होतं.

बायडाक्काने आपल्या शेळीचा कान धरला आणि तिला बाजूला ओढलं. "ज्येचं मानूस आदी गेलं त्येची जनावरं आदी," ती म्हणाली. "जा. घिऊन जा."

दोन कळप कुरणाच्या तोंडात मिसळले आणि काजळी गवत बघून वेडी झाली. ती ओढ्याच्या ओल्या गवताकडे धावली. महिनोन्‌महिने सुक्या चाऱ्यावर राहिलेल्या पोटाला ते गवत विष होतं, पोट फुगून मेली असती. वैजयंताला विचार करायला वेळ नव्हता. तिने तोंडाशी हात धरला आणि लहानपणी ऐकलेली हाक तिच्या पोटातून निघाली, "हाऽ हाऽ! माघारीऽ!"

काजळी वळली. बायडाक्काची शेळी वळली. कुरणाच्या तोंडाशी थांबलेल्या प्रत्येक कळपाच्या पुढच्या जनावराने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. धुळाकाका कळप अर्धलीने, निम्म्या वाट्यावर, सांभाळायला तयार झाले होते. रस्त्यावर साडेनवाची गाडी येते, ती दहिवडीपर्यंत, तिथून पुणे. लॅपटॉप, दोन साड्या, आप्पांचा चष्मा. तिने मेंढवाड्याचं फाटक उघडलं आणि मेंढरं आपल्या वाटेने जाताना बघत उभी राहिली. पाय अजून लंगडत होते, पण जात होते. काजळी बांधाजवळ रेंगाळली, शेजारच्या मटकीकडे तोंड लांब केलं.

"हाऽ हाऽ! माघारीऽ!"

वैजयंताने आजूबाजूला पाहिलं. ती बोलली नव्हती. आवाज काजळीच्या गळ्यातून आला होता आणि तो तिचा होता. तोच ताण, तीच शेवटी चिरकलेली लकेर. पलीकडच्या टेकाडावरून धुळाकाकांच्या कळपातूनही तीच बाई ओरडली. मग ओढ्याकडून. मग लांबून, बारीक.

ती धावत काजळीपाशी गेली. पट्टा हातात धरून तिने काजळीला रेघेकडे ढकललं, एकदा, दोनदा. दर वेळी तिला स्वतःचाच आवाज मिळाला. पट्टा एकच हाक ठेवतो, हे तिनेच अहवालात लिहिलं होतं. लॅपटॉपमध्ये आप्पांच्या तासन्‌तास मुलाखती होत्या, पण त्यात आप्पा संस्थेच्या बाईंना जपून, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत उत्तरं देत होते. त्यात ते कुणालाच हाक मारत नव्हते.

ती मातीत बसून राहिली. काजळी तिच्या केसांचा वास घेत होती.

काही वेळाने तिने पिशवी उचलली आणि रस्त्याची वाट धरली. बांधाच्या टोकाला धुळाकाका उभे होते, बायडाक्काही होती. दोघांची तोंडं दोन दिशांना.

"बरं झालं गावलीस," धुळाकाका म्हणाले. "आज ओढ्याची बाजू मला द्याची सोडून हिला दिलीया. का म्हून?"

"काका, मी नाही दिली. यंत्राने..."

"यंत्र बिंत्र सांगू नगंस. आवाज कुनाचा येतोय? एवडे दिस आप्पा सांगत हुता, म्या तोंडातनं चकार सबूद काडला न्हाई. पोटात सगळं साचलंय माज्या." त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत, तिला नवल वाटलं, एक प्रकारचा आनंद होता. "तू जित्ती हायस. तुज्याशी भांडायला येतं."

"भांडा की," बायडाक्का म्हणाली, "पन मला बोलू द्या आदी. माझ्या मेंढरांचं पाय पघा, कसं झाल्यात!"

लांब रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. वैजयंताने तिकडे पाहिलं. धुळीचा एक लोट वळणाशी आला, थांबला, कुणीच हात केला नाही तसा पुढे गेला. मागे कुरणातून तिचाच आवाज कुणाला तरी माघारी बोलावत होता.

तिने पिशवी बांधावर ठेवली. शेजारी आप्पा बसायचे तो दगड होता. मधोमध झिजून खोलगट झालेला. ती त्यावर बसली आणि तो तिला बरोबर झाला.

"हं," ती म्हणाली. "एकेकानं बोला."